जशी आहे तशी

ऑर्डेल टॉर्सनने रायफल टेबलावर घोंगडीवर ठेवली आणि चहूबाजूंनी तिचे फोटो काढले. अक्रोडाचा दस्ता, त्यावर त्याच्या बापाने चाकूने कोरलेली आद्याक्षरं, नळीची निळसर झिलई, सगळं छान आलं. फोटोत जे येत नाही ते त्याला एकट्याला ठाऊक होतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी शिकारीहून परतताना, पिकअपमध्ये बसून तो ती रिकामी करत होता. त्या जुन्या बनावटीत सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारा खटका, काढल्याशिवाय गोळ्या बाहेर काढायचा बोल्ट उघडत नाही. त्याने सेफ्टीचा खटका नुसता पुढे सरकवला, चापाला बोटही लावलं नव्हतं, आणि गोळी त्याच्या बुटाला चाटून गाडीच्या तळातून आरपार गेली. भोकावर त्याने जुनी नंबरप्लेट ठोकली आणि मुलीला सांगितलं, गंज लागला होता. दुरुस्तीला नेली असती तर किरकोळ काम होतं. पण गावात बंदुका दुरुस्त करणारा एकच, आणि त्याच्या पोटात काही राहत नसे. टॉर्सनच्या हातून बंदूक उडाली, हा विषय कॉफीच्या टेबलांवर वर्षभर पुरला असता. माणसं जिवाला जपत नाहीत एवढी अब्रूला जपतात.

मुलगी रेना त्या रायफलीवर जीव टाकून होती. आजोबांच्या शेजारी बसून तिने पहिलं हरीण याच रायफलीने टिपलं होतं. ‘एक बार, मांस घरात, दोन बार, देव जाणे, तीन बार, हात हलवत परत,’ ही म्हाताऱ्याची म्हण तिला तोंडपाठ होती. ती दर वर्षी रायफल मागायची आणि बाप दर वर्षी सबब सांगायचा. शेवटी त्याने ठरवलं, विकूनच टाकावी. आपली पोर वाचली म्हणजे झालं. रायफल दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या हातात जाईल, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्याने तो बाजूला सारला. याला साधा शब्द नीचपणा. ऑर्डेल त्याला व्यवहार म्हणत होता.

लिलावाच्या साइटवर त्याने लिहिलं, ‘जशी आहे तशी. दोष नाही. परत घेतली जाणार नाही.’ बोली चढत गेली तसा तो खुलला. ‘डोंगरकावळा’ नावाचा कुणीतरी हटूनच बसला होता. त्याने जाहिरातीखाली एकच प्रश्न टाकला, ‘स्वतःच्या मुलीच्या हातात निर्धास्त द्याल का?’

ऑर्डेलने प्रश्न दोनदा वाचला. मग त्याने टाइप केलं, ‘डोळे झाकून.’

डोंगरकावळ्याने लिलाव जिंकला. घाटापलीकडच्या एका परवानाधारक दुकानदाराकडे रायफल पाठवायची होती, पैसेही त्याच्यामार्फतच आले. खरेदीदार कोण, याची चौकशी ऑर्डेलने केली नाही. नाव नको, गाव नको, म्हणजे झोप लागते.

एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस उजाडला. तो अंडी तळत असताना रेनाचा फोन आला.

“बाबा, रागावू नका हं. डोंगरकावळा म्हणजे मीच.”

त्याने उलथनं खाली ठेवलं.

“आजोबांची बंदूक परक्याच्या घरात जाऊ देते की काय? तुम्ही मागून देत नव्हतात, म्हणून विकत घेतली. आणि वर तुम्हीच लिहिलंत, डोळे झाकून.”

“कुठे आहेस तू?”

“मागच्या खिंडीत चढतोय. वेड पुढे आहे, मी त्याच्या पाठी. आता रेंज जाईल.” वेड म्हणजे तिचा नवरा.

“रेना, ऐक. तिची सेफ्टी...”

“लावलीय हो बाबा. तुम्हीच शिकवलंत ना? एल्क दिसेपर्यंत काढायची नाही.”

फोन तुटला. त्याने पुन्हा लावला, परत लावला. लागला नाही.

शेगडी तशीच सोडून तो पिकअपमध्ये बसला. जंगलाच्या रस्त्यावर बर्फ भुरभुरत होतं. नंबरप्लेटच्या फटीतून गार वारा त्याच्या घोट्याला झोंबत होता. काय सांगायचं ते तो मोठ्याने घोकत होता: माझ्या हातून उडाली होती, मी लपवलं. किती सोपं वाक्य होतं ते.

खिंडीच्या तोंडाशी तिची गाडी उभी होती, रिकामी. तो उतरून हाका मारणार, तोच वरून एक बार झाला. आवाज डोंगरावर आपटून विरून गेला.

एक बार, मांस घरात.

ऑर्डेल उघड्या दाराला धरून उभा राहिला. सेफ्टी काढताना उडालेली गोळी पुढच्या वेडला लागली असेल, तर दुसरा बार होणारच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तो देवाकडे मागत होता की पोरीचा नेम चुकलेला असू दे, आणि दुसऱ्या बाराची वाट पाहत होता.