अंगठ्यापुरतं काम

"घे काढून चाकू. पण मग ते दिवसभर काय करतील, तेही तूच बघ," असे सासूबाई म्हणाल्या होत्या. सुनेने ते या कानाने ऐकले आणि त्या कानाने सोडून दिले. त्या घटकेला तिच्या डोळ्यांपुढून एकच चित्र हलत नव्हते. अडीच वर्षांची बबडी आजोबांच्या मांडीवर बसली होती आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातला घडीचा चाकू काढून, तो कानाला लावून 'हॅलो, हॅलो' करत होती.

चाकू मिटलेलाच होता. त्याची घडी इतकी घट्ट, की बबडी राहू दे, तिच्या आईलाही ती नखाने उघडली नसती. पण आईच्या काळजाला हे कोण समजावणार? जी बाई लेकीला दोनदा शिंक आली की थर्मामीटर शोधते, तिच्या घरात दिवसाढवळ्या पाते फिरत होते.

सासरे वायरमन. उभा जन्म शिडीवर आणि तारांच्या जंजाळात गेला. आता वय झाले म्हणून चढउतर कमी केली होती. पंखे-मिक्सर दुरुस्तीच्या एका दुकानात बसत, अधूनमधून गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन पंखा लावून देत. चाकू मात्र तोच. बोटाएवढा, लाकडी मुठीचा, धार लावून लावून पाते निम्मे झालेले. त्याने ते वायरी सोलत, खोक्यांच्या दोऱ्या कापत, पेन्सिलीला टोक करत आणि सफरचंदाची साल एकसंध काढून बबडीच्या गळ्यात माळ म्हणून घालत. कुणी मागितला तर देत, पण मिटून देत आणि मिटूनच परत घेत. या बाबतीत त्यांनी दुकानाच्या मालकिणीचाही मुलाहिजा ठेवला नव्हता.

सून शिकलेली. उगाच आरडाओरडा करून मोकळी होणाऱ्यांतली ती नव्हती. तिने दोन दिवस फोनवर वाचून काढले, की कामाला जाणाऱ्या माणसाने खिशात असा चाकू बाळगावा की नाही. कुणी म्हणे, खुशाल बाळगा. कुणी म्हणे, उघडे पाते अडकवून ठेवणारा खटका नसेल तर चाकू बोटावरच मिटतो. जितकी तोंडे तितकी मते. शेवटी तिने बाजारातून वायर सोलायची पक्कड आणली, पिवळ्या दांड्यांची. सोबत बोथट टोकाची कात्री. दोन्ही सासऱ्यांपुढे ठेवून तिने सांगितले, की याने काम सोपे होईल आणि तिच्याही जिवाला घोर राहणार नाही.

त्यांनी पक्कड उलटसुलट पाहिली. "छान आहे गं. रंगही झकास," ते म्हणाले. मग खिशात हात घातला आणि चाकू तिच्या तळहातावर ठेवला. मिटून.

हे इतक्या सहज झाले, की सासूबाईंनी उगाच बाऊ केला असे तिला वाटले. तिने तो चाकू आपल्या पदवीच्या प्रमाणपत्राच्या फायलीत घालून कपाटाला कुलूप लावले. त्या फायलीला घरात कुणी हात लावत नसे, तीसुद्धा.

पुढचे तीन आठवडे ती शांत झोपली. एक गोष्ट मात्र तिच्या नजरेतून सुटली नव्हती. सासरे तासभर लवकर घरी येऊ लागले होते. पूर्वी चहा घेता घेता ते सांगत, आज कुणाच्या मिक्सरमध्ये झुरळाने संसार थाटला होता आणि कुणी पंखा उलटा फिरतो म्हणून भांडायला आला होता. आता चहा नुसताच संपायचा. विचारले तर म्हणत, "काम कमी आहे सध्या." वय झाले, थकत असतील, अशी तिने मनाची समजूत घातली.

मग एका दुपारी ते चष्मा घरीच विसरून गेले. बबडीला कडेवर घेऊन ती दुकानात पोचली. मालकीण गल्ल्यावर होती. तिने चष्मा पाहून हसून 'आत आहेत' अशी खूण केली, आणि मग सुनेला जरा बाजूला घेतले. काकांना बरे नाही का, असे तिने हळूच विचारले. तीन आठवडे ते वायरीचे काम टाळतात, स्क्रू निवडत बसतात. "इतक्या वर्षांचा माणूस. 'आता आराम करा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही हो. पण किती दिवस?"

सून पडद्याशीच थांबली. आत स्टुलावर सासरे बसले होते, समोर उघडा मिक्सर. त्यांनी पिवळी पक्कड वायरीला लावली आणि दाबली. दांड्या जुळेनात. दुसरा हात लावला, दांडी गुडघ्याला टेकवली, पुन्हा दाबली. पक्कड निसटली आणि प्लास्टिकबरोबर आतली तांब्याची तारही तुटली. वायरमनच्या हातून तार तुटावी, म्हणजे सुगरणीने मीठ विसरावे. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि तुटका तुकडा पटकन खिशात लपवला. तेवढ्यात पडद्याशी उभी असलेली सून त्यांना दिसली.

"पक्कड चांगली आहे हं," ते घाईघाईने म्हणाले. "माझ्याच मुठीतला जोर गेलाय. ही दाबायला अख्खी मूठ लागते. चाकूला अंगठा पुरायचा."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू पोरीपायी घाबरली होतीस. घाबरलेल्या आईशी वाद घालायला मी काय वकील आहे?"

बबडीला त्यांच्या मांडीवर सोडून ती रिक्षाने घरी गेली. कपाट उघडताना सासूबाई दारात होत्या. "मी म्हटलं होतं," हे त्यांना सहज म्हणता आले असते. "रिक्षा थांबवलीयस ना?" एवढेच त्यांनी विचारले.

परत आल्यावर तिने बबडीला आपल्याकडे घेतले आणि चाकू सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला, वायर अंगठ्यावर आडवी घेतली, पाते नुसते टेकवले आणि वायरच हलकेच फिरवली. प्लास्टिकची नळी आपसूक निघून आली. आत तांबे अख्खे, चकचकीत. मालकीण पडद्यातून डोकावली आणि आणखी दोन मिक्सर आत सरकवून गेली.

आता कामावर चाकू त्यांच्याचकडे असतो, बटण लावलेल्या खिशात. घराच्या दारात पाऊल टाकले की ते तो सुनेला देतात, ती उंचावरच्या मेन स्विचच्या पेटीवर ठेवते आणि सकाळी निघताना परत देते. चहा पुन्हा लांबू लागला आहे. सुनेची काळजी संपलेली नाही, ती तिच्या हाडीमाशी भिनलेली आहे. पण आता ती लेकीखेरीज आणखी एका माणसाकडेही लक्ष ठेवते.

तुमच्याही घरात कुणीतरी तुमच्या काळजीपोटी काहीतरी सोडून दिले असेल, चकार शब्द न काढता. वर 'छान आहे' असेही म्हणाले असतील. एकदा त्यांच्या कामाच्या जागी जाऊन या. आधी कळवू नका. आणि गेलात, की त्यांच्या हातांकडे बघा.