देव न्यायची गाडी

कल्याणीने कोरडा टॉवेल दुमडून पुढच्या सीटखालच्या कार्पेटवर ठेवला, त्यावर दोन्ही गुडघे टेकून अंगाचा सगळा भार दिला आणि मग उचलून पाहिला. टॉवेल पुन्हा ओला झाला होता. वरून हात फिरवला की कार्पेट कोरडे वाटे. दाबले की खालच्या फोममधून पाणी वर येई. सकाळपासून हेच चालले होते. गाडीची चारही दारे उघडी होती, डिकी उघडी होती, पायपुसणी कंपाउंडच्या भिंतीवर वाळत पडली होती, आणि स्वयंपाकघरातून ओढून आणलेल्या वायरीवर टेबलफॅन मागच्या सीटकडे तोंड करून घरघरत होता. आकाश ढगाळ होते. बेळगावात दसऱ्यानंतर पडते तसे ऊन हवे होते तेव्हा नेमके ते नव्हते.

गाडी समताची होती. समता आणि कल्याणी एकाच कॉलेजात शिकवत, एकाच वर्षी रुजू झालेल्या. समताचे वडील, भरमाआप्पा, यांनी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर पोती वाहिली होती. त्यांची मुलगी रसायनशास्त्राची प्राध्यापक झाली आणि गेल्या भीमजयंतीला तिने ही गाडी घेतली. घरातली पहिली. सीटवरचे प्लॅस्टिक कितीतरी महिने आप्पांनी काढू दिले नव्हते.

शुक्रवारी स्टाफरूममध्ये कल्याणीने सहज सांगितले होते, की आमची गाडी क्लचच्या कामाला गॅरेजमध्ये अडकली आहे आणि उद्या निपाणीला देव पोचवायचे आहेत. तिच्या सासरी घरचे देव, म्हणजे चांदीचे टाक, भावाभावांत वर्षाच्या पाळीने फिरत. यंदा पाळी निपाणीच्या थोरल्या दिरांची होती. तिचे बोलणे पुरे होण्याआधीच समताने पर्समधून किल्ली काढून टेबलावर सरकवली. "ने की. दोन दिवस मला कुठं जायचंय? सोमवारी दिलीस तरी चालतंय."

घरी आल्यावर सासूबाईंना, मनुबाईंना, आधी आनंदच झाला. भाड्याच्या गाडीत कोण कोण बसून गेलेले असते, ती त्यांना नकोच होती. मग त्यांनी विचारले, गाडी कुणाची.

"समताची."

मनुबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिले. "पोर गुणाची आहे गं. माझं तिच्याबद्दल काही म्हणणं न्हाई. पण देव मांडीवर घेऊन बसायचंय मला. आतनं-बाहेरनं धुऊन घे, म्हणजे झालं."

एवढेच त्या म्हणाल्या. कल्याणीला बोलता आले असते. वर्गात ती या विषयावर तासभर बोलत असे, आणि चांगले बोलत असे. पण निघायच्या तोंडावर घरात वाद नको, म्हाताऱ्या माणसाला आता काय समजावायचे, अशा नेहमीच्या कारणांनी तिने स्वतःला गप्प केले आणि शनिवारी उजाडायच्या आत अंगणातल्या नळाला पाइप लावला. बाहेरून धुतली. मग दार उघडून पाइप आत धरला.

त्या वेळी हातात पाइप असतानाच तिला ते पुरते कळले होते. मागून आणलेली गाडी परत करताना धुवावी, ही रीत आहे. वापरण्याआधी धुवावी अशी रीत कुठेच नाही. कॉलेजातल्या चिन्मय सरांची गाडी असती तर सासूबाई म्हणाल्या असत्या, जरा फडकं मार. आणि तिने तेही केले नसते. हे सगळे कळूनही तिने नळ बंद केला नाही. उलट सीटच्या फटीत, पट्ट्यांच्या मुळाशी, कोपऱ्याकोपऱ्यात पाणी पोचेल असे पाहिले. हाती घेतलेले काम नीट करायची तिची सवयच होती. निपाणीपर्यंत मनुबाई ओल्या सीटवर चादरी अंथरून, देव मांडीवर घेऊन समाधानाने बसल्या होत्या.

आता रविवारची दुपार कलली होती आणि गाडीत कुबट वास धरू लागला होता. कल्याणीने कार्पेटची कड उचकटून खाली वर्तमानपत्राच्या घड्या सारल्या, दारांच्या रबरी पट्ट्या बोटाने उलटून पुसल्या, सीटबेल्ट पूर्ण ओढून फडक्यात पिळले. केस वाळवायचे यंत्र आणून सीटच्या शिवणींवर धरले. कापड गरम झाले, ओल तशीच राहिली.

नवरा, आनंद, पायरीवर चहा पीत उभा होता. तो वकील. "बाईसाहेब, पुरावा नष्ट करण्याला कायद्यात वेगळं कलम आहे बरं."

"गंमत करू नकोस."

"अगं, गाडीच आहे. वाळेल उद्यापर्यंत."

"आई म्हणाल्या तेव्हा तू तिथंच होतास. एक शब्द बोलला नाहीस."

"तू तरी कुठं बोललीस?" तो म्हणाला. तो चिडून बोलला नव्हता. तो कप घेऊन आत गेला.

तेवढ्यात फोन वाजला. समता होती. "कल्याणी, आमचा दीपंकर संध्याकाळच्या विमानानं येतोय गं. आत्ता कळवतोय शहाणा! आप्पा म्हणतात, मी सांबऱ्याला विमानतळावर येणारच. आम्ही रिक्षानं तुझ्याकडंच निघालोय. गाडी घेऊन तसंच पुढं जातो."

"आत्ता?"

"आत्ता म्हणजे आलोच बघ."

कल्याणीने हाताला लागतील ती सगळी फडकी घेतली आणि पुन्हा पुढच्या सीटवर वाकली. पाच जणांच्या घरातले सगळे टॉवेल ओले झाले होते. गेटशी रिक्षा थांबली तेव्हा ती अजून गुडघ्यांवरच होती.

"हे काय मांडलंयस? नोकरी सोडून गॅरेज काढलंस काय?" समता हसत आत आली. मागून भरमाआप्पा हळूहळू आले. मुलाला आणायला जायचे म्हणून इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला. ते कट्ट्यावर टेकले.

"धुतली जरा," कल्याणी म्हणाली.

"अगं, कशाला एवढा त्रास? तशीच दिली असतीस तरी काय झालं असतं?" समताने पर्स कट्ट्यावर टाकली, एक फडके उचलले आणि दाराची आतली बाजू पुसू लागली. "आण इकडं. दोघी मिळून करू. आमच्या आप्पांना तर तू गाडी धुऊन देतेस म्हटल्यावर लई कौतुक वाटंल बघ."

त्या शेजारी शेजारी वाकून पुसत राहिल्या. समता दीपंकरच्या नोकरीबद्दल सांगत होती, त्याला पुरणपोळी हवी आहे आणि ती आपल्याला येत नाही, असे हसत सांगत होती. कल्याणी हं हं करत होती. तिला वाटले, आता ही अशीच निघून जाईल आणि आपण वाचू. त्या वाटण्याचीच तिला शरम आली.

दार पुसून झाल्यावर समताने फडके झटकण्यासाठी हात बाहेर काढला, आणि तिची नजर बॉनेटवर गेली. निपाणीच्या वाटेवर हायवेच्या कामाची तांबडी धूळ उडते. ती काचेवर, बॉनेटवर, चाकांवर जशीच्या तशी बसलेली होती. समताने तिच्यावर एक बोट ओढले.

"बाहेर धूळ तशीच हाय. आणि आतच धुतलीस?"

"पाणी सांडलं होतं," कल्याणी म्हणाली. "कळशीतलं."

"चारी सीटांवर?" समता अजून हसतच होती. मग तिने मागच्या सीटवर तळवा दाबला, पलीकडे जाऊन दुसऱ्या बाजूचे कार्पेट दाबले, आणि उभी राहिली. प्रयोगशाळेत मुलांचे उत्तर आणि निरीक्षण जुळत नसले की ती जशी गप्प होई, तशी गप्प झाली.

भरमाआप्पा उठून आले. त्यांनी पुढच्या सीटवर हात ठेवला. "लई ओली हाय गं ही. कशानं?"

"मॅडमना विचारा, आप्पा," समता म्हणाली. "त्यांनीच धुतलीया."

आजवर तिने कल्याणीला कधी मॅडम म्हटले नव्हते. आप्पा कल्याणीकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत खरोखरच फक्त प्रश्न होता. कळशीचे कारण त्यांनी मान हलवून मान्य केले असते.

"आम्हाला घरचे देव न्यायचे होते, आप्पा," कल्याणी म्हणाली. "म्हणून नेण्याआधी मी गाडी धुतली. आतून. गाडी स्वच्छच होती."

आप्पांनी सीटवरचा हात उचलला आणि सदऱ्याला पुसला. हात ओला होता म्हणून पुसला असावा. मग त्यांनी विचारले, "देव पोचलं का नीट?"

"पोचले."

"बरं झालं." टोमणा होता की चौकशी, हे त्यांच्या आवाजावरून कळले नाही. ते समताकडे वळले. "चल, इमान येईल. पोरगं वाट बघत बसंल."

"बसणार कुठं आप्पा? सगळं ओलं हाय."

"मग काय, हुबं ऱ्हाऊन येतू व्हय मी?"

समताला हसू आले नाही. कल्याणी धावत आत गेली आणि कपाटातली धुवट चादर घेऊन आली. तोवर समताने कार्पेटखालची वर्तमानपत्रे ओढून बाजूला टाकली होती आणि पायरीवरची कोरडी उचलून सीटवर पसरली होती. "चादर नको," ती म्हणाली. "कागद बास." तिने वडिलांना हाताला धरून बसवले, त्यांच्या पायांखालीही कागद घातले, सगळ्या काचा खाली केल्या आणि किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली देताना त्यांची बोटे एकमेकांना लागली नाहीत.

गाडी वळणावरून गेली. कल्याणीने फॅन बंद केला, वायर गुंडाळली. मनुबाई दारात उभ्या होत्या.

"काय म्हणत होती गं ती? कळलं काय तिला?"

"मी सांगितलं. तिच्या वडलांना."

मनुबाईंचा हात उंबऱ्याच्या चौकटीवर गेला. "माझं नाव घेतलंस?"

"नाही. धुतली मीच ना."

मनुबाईंच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव उमटला आणि त्यांनी तो लपवलाही नाही. "शहाणी आहेस," त्या मायेने म्हणाल्या. ते शब्द कल्याणीला चापटीसारखे लागले. मनुबाई पुढे म्हणाल्या, "झालं ते झालं. वाळेल गाडी."

"नाही वाळणार. कार्पेट काढून उन्हात घालायला पाहिजे. तसंच ठेवलं तर कुजतं ते."

"मग घेईल की ती करून."

"तिनं का करायचं, आई?"

मनुबाई आत गेल्या. कल्याणी ओल्या फडक्यांच्या ढिगाशेजारी कट्ट्यावर बसली. विमान उतरले असेल असे वाटल्यावर तिने समताला फोन लावला. तो उचलला जाईल असे तिला वाटले नव्हते. उचलला गेला. पलीकडे माणसांचा गलबला होता आणि कुणीतरी तरुण आवाजात आप्पांना चिडवत होते, "सदरा मागनं ओला कसा हो?"

"बोला," समता म्हणाली.

"उद्या कॉलेज सुटल्यावर मी तुझ्या घरी येते. कार्पेट काढते, वाळवते, परत बसवून देते. तू काही करू नकोस. आणि समता..."

पलीकडच्या गलबल्यात दीपंकर विचारत होता, कुणाचा फोन आहे.

"आप्पांना विचारते," समता म्हणाली. "ते म्हणाले, तर ये."