बुडता न येणारी दोरी

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे आणि मला बुडता येत नाही. हाच माझा गुण, आणि याच गुणापायी एकदा माझ्या जिवावर बेतलं होतं!

विलायतेतल्या कारखान्यात माझ्या विणीवर प्लास्टिकचा थर चढला. त्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंडलेले. पिसांचा हलका गळ पाण्याच्या वरच्या अंगाला खेळवायचा, एवढंच माझं काम. एका तेलकंपनीच्या साहेबाबरोबर मी दुबईला आले. साठ सालानंतरचा तो काळ. साहेब मायदेशी निघाला, तेव्हा काठी, रीळ आणि मी, असे आम्ही तिघं त्याच्या लाँचचा ड्रायव्हर हमदुल्ला याच्या पदरी पडलो.

हमदुल्ला मूळचा हर्णैचा. त्याच्या गावी गळाची दोरी तळाला जाते. मला तरंगताना पाहून तो वैतागला. "साहेबानं खराब माल गळ्यात मारला!" असं म्हणत त्यानं गळाजवळ शिसं बांधलं. झालं! दर शुक्रवारी माझं नाक खाडीच्या गाळात आणि टोपली रिकामी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्याची बायको अन्वरी नुकतीच मुंबईहून बोटीनं आली होती. अंगणात दोन खिळे ठोकून ती माझी वाटच पाहत होती. एका शुक्रवारी ती सुरी घेऊनच खाडीवर आली.

"आज मासा नाही लागला तर खलास! हिचे तुकडे करून कपडे वाळत घालणार."

"लागेल गं, इन्शाल्ला."

ऊन चढलं तरी काही लागेना. अन्वरी उठली. पडदा वाऱ्यानं उडू नये म्हणून खाली बांधायला उपयोगी पडेल, असं म्हणत आधी तिनं शिसं सोडवून घेतलं, मग सुरी उचलली. माझे तर धाबेच दणाणले! तेवढ्यात समोरचं पाणी खदखदलं. बारकी मासळी उड्या मारू लागली, वरून पक्षी झेपावले.

"अहो, मोठा मासा वर आलाय! टाका!"

"आता वजनच नाही. जाणार कशी?"

"साहेब कसा टाकायचा?"

"तो हवेत चाबूक मारायचा. मला वाटायचं, माश्या हाकलतोय."

"मग तुम्हीही हाकला! यल्ला, चला लवकर!"

हमदुल्लानं काठी मागे नेली. मी पाठीमागे पुरती सरळ होईपर्यंत थांबला आणि पुढे झोकली. काय सांगू मित्रांनो, मी उडाले! माझ्याच वजनानं उडाले आणि पाण्यावर अलगद आडवी झाले. तो मला हातानं थोडं थोडं ओढू लागला. पिसं पाण्यात धडपडली, आणि धाडकन हिसका! हमदुल्लानं काठी न उचलता मलाच घट्ट खेचलं. गळ रुतला. रीळ किंचाळलं. मासा पळत होता, मी ताणले जात होते, आणि अन्वरी काठावर चक्क नाचत होती!

"सोडू नका! तिला जपा, तुटेल ती!"

मित्रांनो, 'तिला जपा' म्हणाली ती. मला!

हातभर लांब चंदेरी मासा घरी आला. पण अन्वरीनं आधी मला हातात घेतलं. त्या दिवसांत गोडं पाणी गाढवावरून विकत यायचं, आणि ती ते जपून वापरायची. त्यातलंच वाटीभर पाणी घेऊन तिनं माझ्या अंगावरचं मीठ धुतलं. मित्रांनो, एखादी वस्तू तुमच्या मनासारखी वागली नाही, तर तिला शिसं बांधण्याआधी ती कशासाठी घडली आहे, एवढं विचारा. आणि काम झालं की तिला धुऊनपुसून ठेवा.

त्या दुपारी त्याच दोन खिळ्यांवर मी एकटीच वाळत होते. ओले कपडे खाटेवर पडून होते.