रातव्याभोवतीचं वळण

"गाडी बंद पडली, बंद पडली!" कुंपणाजवळ उभे असलेले ड्रायव्हर टाळ्या पिटायला लागले.

गवत कापायचा ट्रॅक्टर भर कुरणात थांबला होता आणि त्यावर आमची ही बसली होती. डेअरीनं ट्रॅक्टरवर बाई कधी घेतली नव्हती. आज तिची परीक्षा होती. साहेबांच्या डोळ्यांदेखत सगळं कुरण कापायचं, काडी मागे राहता कामा नये. मी तिथला मिस्त्री. पाना घेऊन धावलो.

"काय बिघडलं गं?"

"तुमचं डोकं. यंत्र ठणठणीत आहे. चाकापुढे बघा."

बघितलं. पाचोळा. पुन्हा बघितलं, तर पाचोळ्याला डोळा! रातवा. रात्री किडे टिपायचे आणि दिवसा मातीत माती होऊन पडायचं, असा हा पक्षी. ही मादी अंड्यांवर बसली होती. वीतभरावर चाक, तरी हलायचं नाव नाही.

"हुसकून लाव नि चल पुढं. नोकरीचा प्रश्न आहे."

"आणि या उन्हात अंडी शिजू देत? व्हा बाजूला."

तिनं ट्रॅक्टर मागे घेतला आणि पक्ष्याभोवती वळायला लागली. आमच्या या धुडाला लहान वळण म्हणजे महासंकट. भल्याभल्यांनी त्यात पाती मोडलीत. पहिला फेरा मोठा, दुसरा आत, तिसरा त्याहून आत. टाळ्या कधीच थांबल्या होत्या. धुरळा बसला तेव्हा सगळ्या कुरणात फक्त टोपलीएवढं गवत उभं होतं आणि ती बया आत तशीच बसलेली.

साहेब तरातरा आले. "मधलं गवत राहिलंय."

"राहिलं नाही साहेब, ठेवलंय," खाली उतरत ही म्हणाली.

"कशाला? इथे तर काहीच..." त्यांनी पाय उचलला.

"पाय!" ही ओरडली.

साहेब एका पायावर थिजले. रातव्यानं हा एवढा जबडा उघडून फिस्स केलं. साहेबांनी हळूच पाय मागे घेतला आणि त्यांना हसूच फुटलं. मग ते चाकांच्या खुणा निरखत बसले.

"इतकं लहान वळण इथे कुणालाच जमत नाही. कुणी शिकवलं?"

मी छाती पुढे काढली.

"हिनंच," पक्ष्याकडे बोट दाखवून ही म्हणाली.

"बरं, उद्या पलीकडचं कुरण घ्या. आणि इकडे कुणी फिरकायचं नाही."

म्हणजे नोकरी पक्की! आनंदाच्या भरात मी टुणकन ट्रॅक्टरवर चढलो आणि शेडकडे न्यायला तिच्या जागेवर बसलो.

"उतरा," ही म्हणाली.

उतरलो. बायकोनं चारचौघांत हाकललं आणि मला कोण अभिमान वाटला! तिच्या मागून धूळ खात शेडपर्यंत चालत गेलो.