नापास बोर्ड

त्यानं बटण पुन्हा डावीकडे फिरवलं, या वेळी मुंगीच्या पावलानं. टेबलावर तळहाताएवढा हिरवा बोर्ड होता आणि त्याला गाडीचं खरंखुरं स्टीअरिंग जोडलेलं होतं. बोर्डाला मिळणारा व्होल्टेज कळेल न कळेल इतका संथ उतरत होता. तो मर्यादेखाली गेला की बोर्डावरच्या पहारेकरी सर्किटनं हाकाटी करायची. लाल दिवा लागायचा आणि स्टीअरिंग वळवायला मोटरची मिळणारी मदत एकदम न तुटता हळूहळू सुटायची, म्हणजे चालवणाऱ्याला सावरायला उसंत मिळते.

दिवा लागला नाही. स्टीअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं.

सकाळपासून त्यानं हाच व्होल्टेज झटक्यानं पाडून पाहिला होता आणि दर वेळी दिवा इमानेइतबारे लागला होता. संथ उतारावर मात्र पहारेकरी डुलक्या घेत होता. एखाद्या वळणावर हे झालं असतं तर, हा विचार त्यानं पुरता केला नाही. चष्मा काढून पुसत बसला.

बोर्ड त्याच्या बायकोचा होता.

ती घडवायची, तो मोडून बघायचा. कंपनीत त्यावरचे विनोदही आता शिळे झाले होते. पण उद्या गाडी चाचणीच्या रस्त्यावर निघायची होती, आणि तिची माणसं त्यासाठी रक्ताचं पाणी करत होती. शेवटी त्यानं फोन उचलून एवढंच म्हटलं, "खाली येतेस जरा?"

ती आली. त्यानं नुसतं करून दाखवलं.

"पुन्हा," ती म्हणाली. "आधी झटक्यानं."

दिवा लागला.

"आता हळू."

नाही लागला. तिनं खुर्ची ओढली, सर्किटचा नकाशा उलगडला आणि एका रेषेवर बोट ठेवलं.

"पहारेकरी व्होल्टेज ज्या मापाशी ताडून बघतो, ते मापसुद्धा याच पुरवठ्यावर पोसलंय. झटका बसला तर माप क्षणभर जागेवर टिकतं. हळू उतरलं की दोघंही हातात हात घालून खाली. त्याला वाटतं, सगळं आलबेल."

"मापाला बॅटरीतून वेगळी वाट दिली तर?"

"सुटेल. पण बोर्ड नवा काढावा लागेल. उद्याचं गेलं." ती उठली. "नापास लिही."

"लिहू?"

"मग काय, फ्रेम करून भिंतीवर लावणार आहेस?"

दार जरा जोरातच लागलं.

त्यानं नापास लिहिलं आणि तडक विभागप्रमुखांची खोली गाठली.

"साहेब, यापुढे तिचे बोर्ड दुसऱ्या कुणाला तरी द्या. घर एकच आहे हो आमचं."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी कुठे देतो? ती मागून घेते तुम्हाला. पहिल्या बोर्डापासून."

"मला?"

"बाकीचे तिला दबून असतात, हात आखडता घेतात. तुम्ही भीड ठेवत नाही, म्हणते." मग त्यांनीच जीभ चावली. "हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हीच तर पंचाईत."

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. त्याच्या आईनं सुनेकडे निरखून पाहिलं.

"काय गं, आज अगदी गप्प गप्प?"

"तुमच्या मुलानं मला नापास केलं, आई."

"अगंबाई! आणि तू त्याला जेवायला वाढलंस?"

"चूक खरी होती. रस्त्यावर सापडली असती तर महागात पडली असती." तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला, त्यानं मागितला नव्हता तरी. "नवा बोर्ड येईल पंधरवड्यात."

"तोही माझ्याकडेच येणार का?" त्यानं विचारलं.

"ते काय, साहेबांची मर्जी," ती सरळ चेहऱ्यानं म्हणाली. "आपल्या हातात काय असतं?"

"खरंय," तो म्हणाला, आणि त्याला असा ठसका लागला की आईनं घाईघाईनं पाण्याचा पेला पुढे सरकवला.