कमी मळलेलं प्लॅस्टिक

तिचे वकील एशेनलोर यांनी टेबलाखालून बाही ओढली, तरी रोस्विताने माइकचं बटण दाबलंच.

"अध्यक्षांची परवानगी असेल तर हे मीच सांगते."

म्युनिकच्या त्या पेटंट कचेरीत सकाळपासून एकाच मुद्द्यावर काथ्याकूट चालला होता. काजळी मिसळून वीज वाहून नेणारं रोस्विताचं प्लॅस्टिक हा खरोखर शोध होता, की या धंद्यातल्या कुणालाही ते सहज सुचलं असतं? सहज सुचण्यासारखं ठरलं, की पेटंट रद्द. मग समोर बसलेली बडी कंपनी तेच प्लॅस्टिक निम्म्या भावात विकणार आणि उल्मजवळचा तिच्या भावाचा कारखाना बंद पडणार. भाऊ गेबहार्ड लग्नातला कोट घालून मागच्या खुर्चीवर बसला होता.

तोंड उघडायचं नाही, असं एशेनलोर यांनी तिला बजावलं होतं. आकडे, आलेख, फसलेले प्रयोग, सगळं किचकट आहे तसंच राहू दे म्हणाले. पण निवाडा करणाऱ्या तिघांतला तरुण सदस्य आलेख बघून सारखा कपाळ चोळत होता. रोस्विताने अर्धं आयुष्य संध्याकाळच्या तंत्रशाळेत शिकवलेलं. समोरच्याला कळत नाहीये हे दिसलं, की तिला राहवत नसे. खोडच ती, जाते थोडीच!

"पावाचं पीठ मळलंय कधी?" तिने त्यालाच विचारलं. "काजळीचे कण एकमेकांना धरून राहिले, तरच त्यांतून वीज जाते. सगळे काय करत? काजळी नीट पसरावी म्हणून मळतच राहत. त्यात कणांचे हात सुटत. वीज जाईना, की आणखी काजळी. मग प्लॅस्टिक बिस्किटासारखं मोडायचं. मी मळणं मध्येच थांबवलं. एवढंच."

तरुणाचा चेहरा उजळला.

"हो, अर्थातच," तो पुटपुटला.

अध्यक्षांनीही मान हलवली. रोस्विताला मनापासून आनंद झाला. इतकं छान तिने वर्गातही कधी शिकवलं नव्हतं. एशेनलोर यांनी मात्र पेनाला टोपण लावलं. समोरच्या वकिलांना काही विचारायचं आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं, तर ते अर्धवट उठून म्हणाले, की बाईंनी उत्तम समजावलं, आपला एकही प्रश्न नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल आला: हे तर कुणालाही सहज सुचलं असतं. पेटंट रद्द.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात एशेनलोर तिच्याकडे न बघता अपिलाबद्दल काहीतरी बोलले आणि निघून गेले. गेबहार्डने तिचा कोट आणून दिला. फसलेल्या प्रयोगांत वाया गेलेल्या मालाचे ढीग त्याने स्वतः उपसले होते. यंत्रापाशी खुर्चीतच झोपलेल्या बहिणीवर कितीदा पांघरूण घातलं होतं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. पण त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"रोझी," तो हळूच म्हणाला, "नुसतं लवकर थांबायचं होतं, तर मग इतकी वर्षं काय करत होतीस गं?"

रोस्विताने तोंड उघडलं. पण हे काही तिला समजावून सांगता येईना.