कुऱ्हाडीतून वाचलेली डिस्क

मित्रांनो, मी एक मोडका संगणक आहे. पडदा फुटला, पेटी गेली. उरली आहे ती माझी हार्ड डिस्क.

दूर उत्तरेकडच्या बर्फाळ केमी गावातल्या कागद गिरणीत काम करणाऱ्या एस्कोने मला घरी आणले. बायकोने, राइलीने, मला रोज पुसावे आणि एस्कोने माझ्यातली तिची पत्रे तपासावीत, असा आमचा संसार. गिरणीतून आला की तो बूटही न काढता माझ्यासमोर बसे.

"बहिणीला काय रडगाणं लिहिलंस?" एवढे विचारून तो तिचे डोके टेबलावर आपटे. टेबलासह मीही हादरत असे.

एकदा तो कामावर असताना तिची धाकटी बहीण तेल्लेर्वो आली.

"ताई, गालावर काय झालंय?"

"दार लागलं गं."

"दाराला पाच बोटं असतात होय?"

राइली रडू लागली. तेल्लेर्वोने आधी माझ्यातल्या सगळ्या फायलींची प्रत काढून ठेवली. मग माझ्या डिस्कचे दोन भाग केले. एकात जुनी विंडोज राहिली, दुसऱ्यात तिने लिनक्स ही वेगळी प्रणाली बसवली.

"सुरू करताना हे बटण दाबलंस तरच तुझा भाग उघडेल. त्याला त्याचं जुनंच दिसेल. आणि पासवर्ड मलासुद्धा सांगू नकोस."

त्या भागात राइली आपल्या जखमांचे फोटो तारखेसह ठेवू लागली. इतके जड काही मी कधी सांभाळले नव्हते.

फेब्रुवारीत मी सुरू होत असतानाच वीज गेली. ती परतल्यावर एस्कोने मला पुन्हा सुरू केले आणि घात झाला. अर्धवट बंद पडल्यामुळे मी दोन्ही भागांची नावे पडद्यावर दाखवली.

"हे दुसरं काय आहे? पासवर्ड सांग!"

"नाही सांगणार."

त्याच्या ठोशाने तिचा दात माझ्या कळफलकावर पडला. तिने पुन्हा नकारार्थी मान हलवली. तेव्हा त्याने सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, लाकडांजवळची कुऱ्हाड आणली. पहिल्या घावात माझा पडदा गेला, दुसऱ्यात पेटी चिरली. तो मला तोडत होता, तेवढ्यात राइली नुसत्या मोज्यांनिशी बर्फातून धावत सुटली. शेजारच्या म्हाताऱ्या लेम्पीने तिला आत ओढले, कडी घातली, पोलिसांना फोन केला आणि चुलीची सळई घेऊन दाराशी उभी राहिली. एस्कोने दारावर घाव घातले, पण पोलीस येईपर्यंत लेम्पी हलली नाही.

तेल्लेर्वोने माझे तुकडे गोळा केले आणि शाबूत राहिलेली डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली. न्यायालयात राइलीने स्वतःच्या हाताने पासवर्ड टाकला. एक्केचाळीस फोटो उघडले. एस्को मान वर करू शकला नाही. त्याला तुरुंगवास झाला.

मित्रांनो, मला जपा, पुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. मी फक्त पुरावा जपला. राइलीचा जीव लेम्पीने वाचवला. रक्ताळलेल्या तोंडाने कुणी तुमच्या दारी आले, तर आधी आत घ्या. काय झाले ते मग विचारा.